हो ची मिन्ह सिटीला पहिल्यांदा जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून थेट विमानं सुरू झाल्यापासून व्हिएतनामला जाणारी मराठी मंडळी खूप वाढली आहेत. बहुतेकांच्या कार्यक्रमात हे शहर दीड दिवसात उरकलेलं असतं: सकाळी चर्च आणि पोस्ट ऑफिस, दुपारी युद्धकाळातले कू ची बोगदे, रात्री बुई विएन या पबच्या रस्त्याचा गोंगाट, दुसऱ्या दिवशी दानांगचं विमान. मला हे मनापासून खटकतं. या शहराचा पहिला तडाखा ओसरायलाच एक दिवस जातो आणि शहर दिसायला लागतं ते त्यानंतर. जाणारे लोक मला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एका जागी देते आहे.

सायगॉन म्हणायचं की हो ची मिन्ह सिटी?

दोन्ही चालतं. देशाचं एकीकरण झालं त्या वर्षी, १९७६ साली, अधिकृत नाव बदललं. कागदोपत्री, तिकिटावर, व्हिसावर नवं नाव असतं, बोलताना स्थानिक लोक सर्रास सायगॉन म्हणतात. मीही पुढे तेच म्हणणार आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. १ जुलै २०२५ पासून शेजारचे बिन्ह दुओंग आणि बा रिया-वुंग ताऊ हे प्रांत शहरात विलीन झाले आणि जुने 'डिस्ट्रिक्ट' कागदावरून गेले. तरी हॉटेलवाले, गाडीवाले आणि सगळं गाव अजून 'डिस्ट्रिक्ट १', 'डिस्ट्रिक्ट ५' असंच सांगतात. पहिल्या भेटीत मुक्काम जुन्या डिस्ट्रिक्ट १ मध्ये किंवा त्याला लागून असलेल्या ३ मध्ये करावा.

विमानतळाबाहेर पडल्यावर पहिल्यांदा काय जाणवतं?

माणसं. तान सोन न्यात विमानतळ अगदी शहरात आहे, मध्यवस्तीपासून सहा-सात किलोमीटरवर. दाराबाहेर आप्तांना घ्यायला आलेली अख्खी कुटुंबं उभी असतात, आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत. परदेशात स्थायिक झालेल्या कुणा एकासाठी दहा-बारा जण आलेले असतात. हे दृश्य आपल्याला परकं वाटत नाही.

मग दमट हवा अंगाला चिकटते, आणि गाडी पहिल्या चौकात थांबली की चहूबाजूंनी दुचाक्या येऊन भिडतात. शहरात सत्तर लाखांहून जास्त दुचाक्या नोंदलेल्या आहेत. एकीवर चौघांचं कुटुंब, दुसरीवर मागे आडवी धरलेली काचेची तावदानं, तिसरीवर कुंडीसकट कुमक्वाटचं झाड. पुणेकरांना दुचाकीचं नवल नाही, पण एवढ्या संख्येची सवय त्यांनाही नसते.

विमानतळावर 'टॅक्सी, टॅक्सी' करत मागे लागणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. ग्रॅब हे गाडी बोलावण्याचं ॲप भारतातूनच फोनवर घेऊन ठेवा. झान्ह एस.एम. नावाच्या हिरव्या-निळ्या इलेक्ट्रिक टॅक्सीही चांगल्या आहेत. भाडं आधीच दिसतं, घासाघीस करावी लागत नाही.

रस्ता ओलांडायचा कसा? खरंच इतकं अवघड आहे का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि याचं उत्तर मी सविस्तर देते, कारण मला वाटतं की हे शहर समजून घ्यायची सुरुवात इथूनच होते.

गाड्या थांबण्याची वाट बघत कडेला उभे राहिलात तर संध्याकाळ होईल. डावीकडे एकदा नीट बघा (इथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणून जवळच्या बाजूची गर्दी तुमच्या डावीकडून येते), बस किंवा मोठी गाडी नाही ना याची खात्री करा, आणि संथ, एकसारख्या चालीने पाऊल टाका. थबकायचं नाही, पळायचं नाही, आणि मागे तर फिरायचंच नाही. समोरून येणारा दुचाकीवाला तुमची चाल बघून, तुम्ही दोन क्षणांनी कुठे असाल याचा अंदाज बांधतो आणि त्यानुसार तुमच्या पुढून किंवा मागून निघून जातो. तुम्ही अचानक धावलात की त्याचा अंदाज चुकतो, अपघात होतो तो तिथे. हात थोडा खाली, तळवा पुढे असा धरला तर तुम्ही दिसता.

चारचाकीच्या बाबतीत हा हिशोब धरू नका. तिला वळायला जागा नसते आणि बसवाले तुमच्यासाठी वाट वाकडी करत नाहीत. तिला जाऊ द्या, मग पाऊल उचला.

दोन-चार वेळा ओलांडलं की एक गोष्ट ध्यानात येते. या गर्दीत जो तो सतत दुसऱ्याकडे बघत असतो. वेग कमी, साधारण सायकलपेक्षा थोडा जास्त. हॉर्न भरपूर, पण तो बहुतेक वेळा 'मी बाजूला आहे' एवढंच सांगणारा. कुणी मध्ये घुसलं तर पाठीमागचा कुरकुर न करता जागा देतो. लांबून बेशिस्त दिसणारी ही वाहतूक एकमेकांच्या भानावर चालते, आणि मला या शहराबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीसाठी.

सिग्नलला लोक थांबतात का, असंही विचारतात. हल्ली चांगलेच थांबतात. २०२५ च्या जानेवारीपासून दंड प्रचंड वाढले. लाल दिवा तोडणाऱ्या दुचाकीला ४० ते ६० लाख डोंग भरावे लागतात. फुटपाथवर गाडी चढवण्याचं प्रमाणही त्यामुळे कमी झालं आहे. तरी फुटपाथवर चालताना कान मागे ठेवावेत.

चाळीस लाख? हे पैशांचं गणित काय आहे?

एका रुपयाला ढोबळमानाने तीनशे डोंग. सोपी युक्ती: शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्या आकड्याची सव्वातीनपट करा. पन्नास हजार डोंग म्हणजे एकशे साठ-पासष्ट रुपये. दुकानदार बोटांनी नुसतं 'पन्नास' दाखवतो, त्याचा अर्थ पन्नास हजार.

दहा हजारांपासून वरच्या नोटा प्लास्टिकच्या आहेत आणि सगळ्यांवर हो ची मिन्ह यांचंच चित्र आहे. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही निळसर. अंधारात, टॅक्सीत, घाईत या दोन नोटांची गफलत होते, आणि ती पंचवीसपट महाग पडते. पाच लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा.

व्हिसा लागतो का?

लागतो. भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा मिळतो, तो ९० दिवसांपर्यंतचा असतो. सरकारी शुल्क एकदाच प्रवेशाचं २५ डॉलर आणि अनेकदा प्रवेशाचं ५० डॉलर. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा. तसंच दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पासपोर्टवर आहे अगदी तसंच नाव, त्याच क्रमाने लिहा. वडिलांचं नाव मध्ये लिहायची आपली पद्धत इथे गोंधळ घालते, तेव्हा पासपोर्टच्या खालच्या दोन यंत्रवाचनाच्या ओळी समोर ठेवून अर्ज भरणं उत्तम.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

अजिबात नाही, फक्त पाटी ओळखता आली पाहिजे. रोमन लिपीत 'सी, एच, ए, वाय' अशी चार अक्षरं असलेली पाटी दिसली की ते शुद्ध शाकाहारी खानावळीचं चिन्ह. उच्चार 'चाय'. बौद्ध परंपरेमुळे अनेक व्हिएतनामी लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात. त्या दोन दिवशी एरवी मांसाहारी असलेल्या गाड्यांवरही चाय मिळतं, आणि चाय खानावळींत बसायला जागा नसते.

तिथे काय खावं? लेमनग्रास आणि मिरचीत परतलेलं टोफू, मशरूमचं नूडल सूप, तांदळाच्या पातळ पापडीत गुंडाळलेल्या भाज्या, आणि फ्रेंचांकडून आलेल्या पावात भरलेली बान मी चाय. पुष्कळ चाय खानावळी कांदा-लसूणही वापरत नाहीत, कारण कडक व्रतात तो वर्ज्य मानतात. जैन मंडळींना ही मोठी सोय आहे, मात्र गाजर-मुळा सगळीकडे असतो, तो सांगून काढायला लावावा लागतो. ताटात कोंबडीसारखं, डुकराच्या मांसासारखं काहीतरी दिसलं तर दचकू नका. ते सोयाबीन किंवा गव्हाच्या सत्त्वाचं असतं.

साध्या हॉटेलात 'नो मीट' एवढं सांगून भागत नाही. भाजीतसुद्धा 'नुओक माम', म्हणजे माशांपासून केलेलं खारट पाणी, घातलेलं असतं आणि सूप हाडांचं असतं. फोनवर व्हिएतनामी भाषेत 'मी चाय खाते, मासळीचं पाणीही नको' असं लिहून ठेवा आणि दाखवा. लोक खूप आपुलकीने समजून घेतात.

मांसाहारींनी काय चुकवू नये?

कॉम ताम. कॉम म्हणजे भात आणि हा भात कणीचा असतो. गिरणीत तांदूळ फुटून जी कणी उरते, ती एके काळी गरिबाघरी शिजायची. आज तीच सायगॉनची ओळख आहे. कोळशावर भाजलेला डुकराच्या मांसाचा तुकडा, वर कांद्याच्या पातीचं तेल, बाजूला लोणच्यासारखं आंबवलेलं गाजर, वाटीत गोडसर नुओक माम. सकाळी सहालाच लोक हे पोटभर खाऊन कामावर जातात. फो हे नूडल सूप उत्तरेकडचं. इथे ते मिळतं, छान मिळतं, फक्त सायगॉनमध्ये त्याच्यासोबत तुळशीच्या जातीच्या पानांची आणि मोडांची मोठी रास येते. चिनी वळणाचं हू तिएऊ हे नूडल सूपही खास दक्षिणेचं.

फळांबद्दल कोकणातल्या वाचकांसाठी: मँगोस्टीन नक्की खा. आपल्या कोकमाचंच ते भाऊबंद आहे, एकाच कुळातलं. जाड जांभळी साल दाबून फोडली की आत पांढऱ्या पाकळ्या निघतात. सालीचा डाग कपड्यावरून जात नाही. उसाचा रसही जागोजागी मिळतो, त्यात आल्या-लिंबाऐवजी छोटं हिरवं संत्र्यासारखं फळ सालीसकट चिरडतात, त्याचा वास अफाट असतो.

कॉफीचं एवढं कौतुक का?

कॉफी पिकवणाऱ्या देशांत ब्राझीलनंतर व्हिएतनामचा क्रमांक लागतो, आणि इथलं पीक मुख्यतः रोबुस्टा या जातीचं आहे. कडू, दाट, डोकं जागं करणारी. काचेच्या पेल्यावर पत्र्याची छोटी गाळणी ठेवतात, पेल्याच्या तळाशी आटवलेलं गोड दूध असतं. गाळणीतून थेंब थेंब काळी कॉफी त्या दुधावर साचत जाते, खाली पांढरा थर, वर काळा. पाच-सहा मिनिटं काही करता येत नाही. मग ढवळायचं आणि बर्फाच्या पेल्यात ओतायचं. बर्फ मधे भोक असलेल्या नळकांड्यांचा असेल तर तो कारखान्यातला असतो, पोटाला सहसा त्रास देत नाही. नळाचं पाणी मात्र कुठेही पिऊ नका.

कॉफी साखळीदुकानात न पिता फुटपाथवरच्या वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून प्या. गुडघे दुखत असतील त्यांच्यासाठी आडव्या कापडी खुर्च्याही असतात. कॉफी संपली की बहुतेक ठिकाणी थंड चहाचा पेला न मागता येतो. तो ऊठ म्हणायला आणलेला नसतो, निवांत बसा. सकाळी ताओ दान बागेत काही मंडळी आपापले गाणाऱ्या पक्ष्यांचे पिंजरे घेऊन येतात, ते झाडाखाली टांगतात आणि कॉफी पीत ऐकत बसतात. पिंजऱ्यातला पक्षी मला पाहवत नाही, पण त्या म्हाताऱ्यांचं एकमेकांच्या पक्ष्यांवरचं बारीक बोलणं आणि कान देऊन ऐकणं बघण्यासारखं आहे.

पत्त्यात १२३/४५/६ असं काय लिहितात? फ्लॅट नंबर का?

फ्लॅट नाही, हा गल्लीचा नकाशा आहे. मोठ्या रस्त्यावर १२३ क्रमांकापाशी एक गल्ली आत शिरते. त्या गल्लीत ४५ पाशी आणखी एक बोळ फुटतो. त्या बोळातलं ६ क्रमांकाचं घर. एकदा हे कळलं की न चुकता घर सापडतं.

या गल्ल्यांना 'हेम' म्हणतात आणि सायगॉनचं निम्मं आयुष्य तिथे चालतं. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की दहा पावलांत हॉर्नचा आवाज मागे पडतो. दारातच चूल मांडून सूप विकणारी बाई, तिच्या पलीकडे शिवणयंत्र, पुढे न्हावी, भिंतीला आरसा टांगून. दुपारी बारा ते दीड अख्खी गल्ली झोपते. दिवाणखान्यात पंख्याखाली, झोळीत, काही जण तर उभ्या दुचाकीच्या सीटवर तोल सांभाळून. घरांची दारं उघडीच असतात आणि समोरच्या खोलीत देव्हारा व दुचाकी शेजारी शेजारी. आत डोकावून फोटो काढू नका. हसून मान लववली तर शंभरातले नव्वद जण हसून उत्तर देतात, विचारलं तर फोटोलाही उभे राहतात.

माझा आग्रह असा की पहिल्या दिवशी एकही तिकीट काढू नका. जुन्या डिस्ट्रिक्ट ३ मध्ये किंवा ४ मध्ये उतरा आणि एका हेममधून शिरून दुसऱ्यातून बाहेर या.

मग बघायचं काहीच नाही का?

बघायचं पुष्कळ आहे. युद्ध अवशेष संग्रहालय १९७५ पासून सुरू आहे. अमेरिकेने युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी रसायनाचं दालन लहान मुलांना दाखवण्याआधी विचार करा. आपण स्वतः मात्र ते टाळू नये. त्यानंतर लगेच दुसरं काही ठेवू नका, मन लागत नाही. पुनर्मीलन राजवाड्याचं फाटक तोडून ३० एप्रिल १९७५ रोजी उत्तर व्हिएतनामचे रणगाडे आत आले आणि युद्ध संपलं. इमारत साठच्या दशकातली, तशीच जपलेली. तळघरात भिंतीवरचे नकाशे आणि जुने टेलिफोन आहेत.

मुख्य पोस्ट ऑफिस (१८८६ ते १८९१) गुस्ताव आयफेलने बांधलं असं गाइड ठोकून सांगतात. त्याची रचना आल्फ्रेड फुलू या फ्रेंच वास्तुविशारदाची आहे. समोरच्या नोत्र दाम चर्चची दुरुस्ती २०१७ पासून चालली आहे, तेव्हा परांची दिसेल या तयारीने जा.

न्युएन दिन्ह चिएऊ आणि काच मांग थांग ताम या रस्त्यांच्या चौकात भिक्खू थिच क्वांग डुक यांचं स्मारक आहे. ११ जून १९६३ रोजी, बौद्धांच्या छळाविरुद्ध, त्यांनी याच चौकात स्वतःला जाळून घेतलं. तो फोटो जगाने पाहिला आहे. सहलीच्या बस इथे सहसा थांबत नाहीत. तुम्ही थांबा.

चिनी वस्तीसाठी चो लॉन भागात जा. थिएन हाऊ देवीच्या देवळात छताला उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली असतात. आणि बेन थानहून सुरू होणारी मेट्रो जरूर घ्या. २२ डिसेंबर २०२४ ला ही पहिली मार्गिका सुरू झाली, १९.७ किलोमीटर, १४ स्थानकं, वीस हजार डोंगपर्यंत तिकीट. जमिनीखालून निघून वर आली की नदी आणि ४६१ मीटर उंचीचा लँडमार्क ८१ दिसतो. स्थानिक आजी-आजोबा अजूनही कौतुकाने नातवंडांना घेऊन बसतात.

तिथे हिंदू देऊळ आहे का?

आहे. बेन थान बाजारापासून चालत जाण्याजोगं, त्रुओंग दिन्ह रस्त्यावरचं मारिअम्मन देवीचं देऊळ. फ्रेंच काळात आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांनी ते उभारलं. आज येणारे भाविक बहुतांशी व्हिएतनामी आणि चिनी असतात. गाभाऱ्यामागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकवून हळू आवाजात मागणं मागतात. आपण गेलो तर वाट करून देतात.

व्हिएतनाममध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, असा मेसेज येतो. खरं का?

शहरात असा पुतळा नाही. व्हिएतनामी नेत्यांनी महाराजांच्या गनिमी काव्यामुळे युद्ध जिंकल्याचं सांगितलं, मंत्री रायगडावरची माती घेऊन गेले, या मेसेजला कुठल्याही विश्वासार्ह नोंदीचा आधार दिसत नाही. महाराजांच्या थोरवीला अशा फॉरवर्डची गरजच नाही. कृपया तिथल्या गाइडलाही हे विचारून अवघडवू नका.

त्याऐवजी नदीकाठी मे लिन्ह चौकात जा. तिथे त्रान हुंग दाओ यांचा पुतळा उभा आहे, एक बोट नदीकडे दाखवणारा. तेराव्या शतकात मंगोल फौजा पुन्हा पुन्हा चालून आल्या तेव्हा या सेनापतीने राजधानी रिकामी केली, शत्रूला अन्न मिळू दिलं नाही, आणि १२८८ साली बाक डांग नदीच्या पात्रात टोकदार खांब रोवून ठेवले. भरतीला शत्रूची जहाजं आत ओढली, ओहोटीला ती खांबांत अडकली. मराठी माणसाला ही लढाई समजावून सांगावी लागत नाही.

दुचाकी भाड्याने घेऊ का? आम्ही पुण्यात रोज चालवतो.

नका घेऊ. प्रश्न कौशल्याचा नाही, कागदाचा आहे. व्हिएतनाम १९६८ च्या करारानुसारचा आंतरराष्ट्रीय परवाना मानतो, भारतात मिळतो तो १९४९ च्या करारानुसारचा. दुकानदार गाडी देईल, परवाना बघणारही नाही. पण अपघात झाला तर प्रवासविमा हात वर करतो. ग्रॅबच्या दुचाकीवर मागे बसा. चालक हेल्मेट देतो, आणि डोळे शहराकडे ठेवता येतात.

चोरीमारी? एकट्या बाईने जावं का?

एकट्या बाईने खुशाल जावं. रात्री दहा वाजता रस्त्यावर आज्या-नातवंडं असतात. अंगावर हल्ला होण्याची भीती फारशी नाही. फोन हिसकावण्याचे प्रकार मात्र होतात. कडेला उभं राहून नकाशा बघताना दुचाकीवरून येणारा हातातला फोन उचलतो. फोन बघायचा तर दुकानाच्या पायरीवर चढा, पर्स रस्त्याच्या विरुद्ध खांद्याला. कावड खांद्यावर देऊन फोटो काढू देणारे शहाळेवाले नंतर भलतीच किंमत सांगतात, तेव्हा कावड घेण्याआधीच भाव विचारा.

केव्हा जावं?

डिसेंबर ते मार्च कोरडं असतं. एप्रिल सर्वांत तापलेला. मे ते नोव्हेंबर पाऊस, पण तो आपल्या आषाढासारखा दिवसभर लागून राहत नाही. दुपारी अंधारून येतं, तासभर कोसळतो, मग ऊन. पहिला थेंब पडताच हजारो दुचाक्या कडेला थांबतात आणि मिनिटाभरात सगळे रंगीत पोंचोत. जोडप्यांसाठी दोन डोकी बाहेर काढता येणारे पोंचो मिळतात, पुढे दिव्यासाठी पारदर्शक पट्टी शिवलेली असते. असा एक विकत घेऊन ठेवा, दुकानोदुकानी मिळतो.

जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत 'तेत' हे चांद्र नववर्ष येतं. त्याआधीच्या आठवड्यात फुलांचे बाजार भरतात, न्युएन हुए रस्ता सजतो, तेव्हा जाणं फार सुंदर. ऐन तेतच्या दोन-तीन दिवसांत मात्र बरेच लोक गावी गेलेले असतात आणि छोट्या खानावळी बंद असतात. त्या दिवसांत तिथे असाल तर खाण्याची सोय असलेलं हॉटेल आधीच बघून ठेवा.